खाली राहिला

कुरुंद्याच्या शिवारात खडकात विहीर खोदताना सोनाजीवर दरड कोसळली. ढिगारा हलेना, आणि बघता बघता त्याच्यावर पाणी चढलं. विहीर खोदणाऱ्यांत अशा माणसाला कुणी 'मेला' म्हणत नाही. 'खाली राहिला' म्हणतात. सोनाजीच्या बायकोनं, मनकर्णानं, तेवढंच मनाशी घट्ट धरलं. त्यात त्या विहिरीचं पाणी निघालं ऊन.

"गरम हाय म्हंजी जितं हाय," ती म्हणायची. रोज सकाळी विहिरीवरची वाफ बघायची, वाफ नसली तर पोहऱ्यात हात बुडवायची, मगच कपाळाला कुंकू लावायची. दुपारच्या सामसुमीत खालून छिन्नी वाजते म्हणायची. बुडबुडेच ते, पण ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा यायचा. गाव तिला खुळी म्हणायचं, आणि बाळंतिणीच्या न्हाणीला पाणी मात्र तिथलंच न्यायचं!

पुढं बऱ्याच वर्षांनी, एकोणीसशे चव्वेचाळीस साली, हैदराबादहून एक साहेब यंत्र घेऊन आला. जमिनीत खोल भोक पाडायचं, ऊन पाणी नळानं नेऊन दवाखान्याच्या खोल्या थंडीत उबदार ठेवायच्या, वाफेला जोर असला तर विजेचे दिवेही लावायचे, असा त्याचा बेत. भोक विहिरीच्या तळातच पाडू म्हणाला. मनकर्णा काठावर आडवी पडली.

"वहिनी, उठा ना," तिचा दीर संतराम रडकुंडीला आला.

"भावजी, खाली तुमचा भाऊ हाय. त्यायच्या अंगात भोक पाडून राहिले का तुमी?"

साहेब भला माणूस. त्यानं यंत्र ओढ्यापलीकडं हलवलं. मनकर्णा त्या दिवशी पोटभर जेवली.

महिन्याभरानं यंत्रावरचा लतीफ ओरडला, "गरम पानी आया!" गाव धावलं, तीही धावली. तिनं पाण्यात हात घातला. तीच ऊब, तोच वास.

"साहेब, हितं कोन राहिलंय?"

"कुणी नाही, बाई. खालची जमीनच तापलेली असते."

ती तशीच ओल्या हातानं घरी गेली.

सकाळी विहिरीवर वाफ होतीच. मनकर्णानं कुंकवाची डबी उघडली नाही. घरातली घोंगडी दोराला बांधून ती खाली सोडू लागली. मागून संतराम आला आणि त्यानंही दोर धरला.

"ऊब जमिनीची व्हती. येवढी वर्सं गारठ्यात व्हते तुमी," ती विहिरीत बघत म्हणाली. "मला कळलंच न्हाई."