शेकरमधलं पन्हं

हे आजवर कोणाला सांगितलेलं नाही. घरी सगळ्यांची समजूत आहे की मी रोज सकाळी जिमला जातो. मी जात नाही. बूट घालतो, बॅग खांद्याला लावतो, बायकोनं भरून दिलेला शेकर, जिमवाल्यांची ती झाकणाची बाटली, घेतो आणि बेसातल्या आमच्या फ्लॅटवरून स्कूटर थेट जुन्या महाल भागात नेतो. तिथं माझ्या वहिनी एकट्या राहतात. मी त्यांच्या कूलरमध्ये पाणी भरतो.

एवढंच असतं तर लपवण्यासारखं काही नव्हतं.

जिम मुलीनं दिली. रक्तात साखर निघाली तेव्हा तिनं पुण्याहूनच आमच्या कोपऱ्यावरच्या जिममध्ये माझं नाव घातलं. यंत्रं चांगली, पंखे चांगले, पोरं अदबीनं बोलणारी. पण ते संगीत. दार उघडलं की छातीवर कोणी बुक्क्या मारायला लागल्यासारखं व्हायचं. गाणं कुठलंही असो, त्याच्या खाली तोच एक ठोका, आणि मधूनमधून एक माणूस इंग्रजीत ओरडणारा. मी ट्रेडमिलच्या पट्ट्यावर चालायचो एका चालीत, ठोका पळायचा दुसऱ्या चालीत, आणि पाय कोणाचं ऐकावं या घोळात अडखळायचे. ट्रेनरला सांगून पाहिलं.

"काका, आवाज कमी केला तर लोकांचा मूडच जाते ना," तो म्हणाला. "तुम्ही बीट पकडा फक्त."

मला बीट पकडायची नव्हती. कानात बोळे घालून पाहिले, तर स्वतःचीच धडधड ऐकू यायला लागली आणि वाटलं, आता झटकाच येतो. जिम सोडून बागेत गेलो. तिथं बाकाबाकावर मोबाइल, प्रत्येकाची आरती वेगळी. भाड्याची सायकल घेतली. तीही दोन दिवसांत परत केली. कुठं थांबावंसंच वाटेना. नुसतंच भटकत, रिंग रोडला चहा पीत, वेळ भरला की घरी. येताना चेहऱ्यावर पाणी मारायचं, घाम दिसावा म्हणून.

अशाच एका सकाळी महालात शिरलो. दादा गेल्यापासून त्या घरी मी सणासुदीला, तेही उभ्या उभ्या जायचो. नळ खाली अंगणात, वहिनी वरच्या मजल्यावर. उन्हाळ्यात पाण्याला जोर नसतो, वर थेंब चढत नाही. वहिनी जिन्यात बसलेल्या, शेजारी अर्धी बादली, हात गुडघ्यावर.

"भाऊजी, आज इकडं काहून? अन् हे पोरासोरांचे बूट कोणाचे घालून राहिले?"

"जिमचे आहेत."

"मंग जिम कुठं राहिली?"

"तिथं गाणी फार जोरात लावतात."

"अन् मी इथं काय अंगाई गाऊन राहिली?"

मी त्यांच्या हातातून बादली घेतली. मग दुसरी भरली. दोन हातांत दोन बादल्या घेतल्या की तोल बरोबर राहतो, हे तिसऱ्या फेरीला कळलं. जिममध्ये याच प्रकाराला शेतकऱ्याची चाल म्हणतात आणि हातात लोखंडी ठोकळे देतात. इथं कडी कुरकुरायची, पाणी बादलीच्या काठाला थापट्या द्यायचं, वरून वहिनी ओरडायच्या, "सांडू नका, फरशी आत्ताच पुसली." खोलीतला कूलर भरला, मग गच्चीवरचा ड्रम. कूलर सुरू केल्यावर वाळ्याचा ओला वास आला. मी दम खात उभा होतो आणि मला मजा वाटत होती. मदत केली म्हणून नव्हे. व्यायाम आवडला म्हणून. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो. मग जातच राहिलो.

बायको कपडे वाळत घालताना एकदा म्हणाली, "अहो, तुमच्या जिममध्ये पोहायला शिकवतात का? शर्ट पिळावा लागतोय."

"घाम आहे."

"घामाला वाळ्याचा वास येतो होय?"

"तिथं नवीन कूलर लावलेत," मी म्हणालो. खोटं किती सहज येतं मला.

मला ती जिमची पावडर सोसत नाही, म्हणून बायको शेकरमध्ये कैरीचं पन्हं भरून देते. गूळ नाममात्र. एक दिवस वहिनींना धाप लागलेली होती, मी शेकर पुढे केला. त्यांनी एक घोट घेतला. जिभेवर घोळवला.

"हे विकतचं नाही. कैरी भाजून केलं आहे." आणखी एक घोट. "तिनं पाठवलं? मले?"

मी हो म्हणालो.

वहिनी बराच वेळ शेकर हातात धरून बसल्या. मग उठून धुतला, पुसला, आणि आत खोबऱ्याच्या वड्या भरून आणल्या. "भांडं रिकामं परत देत नाहीत," म्हणाल्या. "तिले माहीत आहे."

त्यांना एवढं काय झालं, हे सांगायचं तर मागचं सांगावं लागेल.

माझी बायको आणि वहिनी बोलत नाहीत. दादा गेल्यापासून. त्याआधी दोघींचं इतकं जमायचं की महालक्ष्म्यांच्या स्वयंपाकाला दोघी शिरल्या की आम्हा भावांना ओट्याजवळ फिरकू देत नसत. दादाचं सगळं आटोपल्यावर बायको त्याच आठवड्यात म्हणाली, "वहिनींना आपल्याकडे आणू. एकट्या कशा राहतील?" मी हो-हो केलं. पण मला ते नको होतं. नवीन फ्लॅट, मुलीची खोली नुकतीच रिकामी झालेली, तिथं मी माझी खुर्ची आणि टेबल मांडलं होतं. माझी शांतता हवी होती मला. बस, इतकं क्षुल्लक कारण.

मग बायकोला सांगितलं, "वहिनी म्हणतात, धाकटीच्या हाताखाली नाही राहायचं." आणि वहिनींना म्हणालो, "तिला जरा जड जाईल, तिची तब्येत..." वाक्य पुरंही केलं नाही. त्यांनी ते मनातल्या मनात पुरं केलं. दोघी मानी. कोणीच कोणाला विचारलं नाही. मला वाटलं होतं, महिन्या-दोन महिन्यांत निवळेल. निवळलं नाही, आणि मीही निवळू दिलं नाही.

तर त्या वड्या. घरी कशा नेणार? गल्लीच्या तोंडाशी स्कूटर लावली आणि उभ्या उभ्या सगळ्या खाल्ल्या. दुसऱ्या दिवशी चकल्या. मग शेवेचा लाडू, मग बेसनाचा. वहिनी विचारायच्या, "आवडलं तिले?" मी सांगायचो, "खूप." घरी बायको म्हणायची, "पन्हं संपवलं? शाब्बास." आणि साखर तपासली तर वाढलेली. डॉक्टर म्हणाले, व्यायाम वाढवा. मी मान हलवली.

हे लिहिताना दोनदा उठलो, खिडकीशी जाऊन आलो. समोरच्या इमारतीत कोणाच्या तरी घरी तोच ठोका वाजतोय. जिममध्ये मी खरंच आवाजावर चिडलो होतो का, असं आता वाटतं. चिडलो होतोच. ते संगीत मला आजही आवडत नाही. पण त्या भटकण्यात पाय शेवटी कुठं वळले, ते काही गाण्यांमुळे नव्हतं.

परवा वहिनींनी शेकर दिला तो जड लागला. वास झाकणातून बाहेर येत होता. मोहरीची डाळ, मेथी, हिंग.

"लोणच्याचा मसाला आहे. तिले म्हणा, कैऱ्या आणून ठेवल्या. अडकित्त्यावर एकटीच्यानं होत नाही, एकीनं धरायचं, एकीनं दाबायचं. रविवारी या म्हणा." मग माझ्याकडे न पाहता, "पहिलं पाऊल तिनं उचललं. मी काहून अडून राहू?"

मी गल्लीच्या तोंडाशी थांबलो. झाकण उघडलं. मसाला काही खाऊन संपवता येत नाही. फेकावा, म्हणून गटाराशी गेलोही. फेकवला नाही. तो शेकरसकट स्कूटरच्या डिक्कीत आहे; बायकोला सांगितलंय, शेकर जिममध्ये राहिला. काल सदर भागातल्या ऑफिसला गेलो तर पार्किंगवाल्यानं विचारलं, "साहेब, लोणचं आहे का?"

आज सकाळी गेलो तेव्हा कैऱ्या पाटीत होत्या, वर ओलं फडकं. वहिनींनी एक दाबून दाखवली. अजून कडक आहे. फार दिवस राहणार नाही.

बायकोला मला सांगायचं आहे की वहिनींनी तिला कधी नाकारलं नव्हतं, आणि तो मसाला तिच्यासाठी आहे. वहिनींना सांगायचं आहे की त्या आमच्या घरी नको होत्या त्या मला, तिला नव्हे, आणि पन्हं तिनं त्यांना पाठवलेलं नव्हतं. दोघींचंही देणं आहे. अजून दिलेलं नाही.