भाकरी जमली तर पाण्यावर राहा

आण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, परत गावाकडं जाऊन धरणाच्या पाण्याकाठी एकटं राहायचं होतं. मला आणि माझ्या धाकट्या भावाला ते मान्य नव्हतं. तो पावसाळा आमचा याच एका विषयावर गेला.

भूकंपात गावातलं घर पडलं आणि आई त्यात गेली. आण्णा राखणीला शेतात होते म्हणून वाचले. पुढं नवं गाव वसलं, तिथं घरही मिळालं. आण्णांनी त्याला कुलूप लावलं आणि शेताच्या कडेला, जिथपर्यंत धरणाचं पाणी येतं तिथं, मदतीत आलेल्या पत्र्यांचं शेड उभं केलं. उरलेले पत्रे ठोकून सपाट केले, वेल्डरकडून त्यांची एक लहानशी होडी करून घेतली आणि सांध्यांना डांबर लावलं. धरणातल्या मासेमारीचा ठेका भोई मंडळींच्या सोसायटीकडं होता. आण्णा घरापुरते दोन-चार मासे धरत, त्याला सोसायटीनं कधी हरकत घेतली नाही.

काही वर्षं असं चाललं. मग एका हिवाळ्यात न्यूमोनिया झाला आणि मी त्यांना लातूरला आणलं. डॉक्टर म्हणाले, थंडी बाधली. मला वेगळाच संशय होता. नव्या गावातून चुलत्यांच्या घरची भाकरी त्यांना रोज यायची, पण ती मंडळी पोटापाण्यासाठी पुण्याला गेली होती. तेव्हापासून आण्णा मासे आणि फुटाणे यांवर दिवस काढत होते.

लातुरात तेव्हा क्लासेसची चढाओढ सुरू झाली होती. आमच्या गल्लीत ज्याच्याकडं जादा खोली, त्यानं तीत कॉट टाकलेल्या. मीही वरच्या मजल्यावर मुली ठेवल्या होत्या, त्यांचं जेवण माझ्याकडंच असायचं. आण्णांना स्लॅबखाली झोप लागत नसे, म्हणून ते गच्चीवर पत्र्याखाली झोपत. पहाटे मुली त्याच गच्चीवर फेऱ्या मारत रसायनशास्त्र घोकत. आण्णांनी रेडिओ लावला की मुली वैतागत, मुली घोकू लागल्या की आण्णा. दोन्हीकडच्या तक्रारी माझ्याकडं यायच्या.

"म्या जातो माय," आण्णा एक दिवस म्हणाले. "हितं काय करायलो म्या? जिना चढतो, जिना उतरतो."

"तिथं खाणार काय?"

"मासे."

"रोज?"

"मग? मासे काय रजा घेतेत व्हय?"

"आणि सोमवारी? शनिवारी? त्या दिवशी तर तुम्ही मासळीला शिवत नाही. आणि माशाबरोबर काय, मासाच?"

खरी अडचण तीच होती. आईच्या गळ्यात माळ होती, मासळी ती उंबऱ्याच्या आत येऊ द्यायची नाही. त्यामुळं आमच्याकडं मासे गोठ्यामागं, तीन दगडांवर, वेगळ्या जर्मनच्या भगुन्यात शिजायचे आणि ते पुरुषच शिजवायचे. आण्णांच्या हाताला चव होती. पण भाकरी आतून, आईच्या हातून गरम यायची. जन्मात त्यांनी पिठात हात घातला नव्हता.

मी सांगून टाकलं, "भाकरी शिका. आली तर जा, मी अडवणार नाही."

मला वाटलं होतं, विषय इथंच संपेल. दुसऱ्या दिवशी ते काठवटीसमोर येऊन बसले.

मुलींना हा तमाशा फार आवडला. उदगीरची एक आणि बिलोलीची एक, अशा दोघी पुढाकार घेऊन शिकवायला लागल्या.

"आजोबा, पाणी गरम घ्या. गार पाण्यानं चिरा पडतात."

"पडू दे. तुला का शिवायच्या हायत त्या?"

"आजोबा, ही भाकरी हाय का नकाशा?"

"नकाशाच हाय. बघ, ह्ये लातूर, ह्ये तुजं बिलोली. मधी फाटून गेलंय."

क्लासमध्ये दर रविवारी त्यांची चाचणी व्हायची, म्हणून त्यांनी आण्णांचीही चाचणी सुरू केली. कच्ची राहिली की मार्क कापायचे. आण्णा सुरुवातीला शून्याच्या खाली होते. दिवाळीच्या सुमारास पास होण्याइतके वर आले. गोलाई आली नाही ती नाहीच.

दिवाळीनंतरच्या एका रविवारी मी भावाला बोलावून घेतलं. तो नांदेडला बँकेत होता. आम्हा दोघांसमोर आण्णांनी मासे धरायचे, रांधायचे आणि भाकरी करायची, असं ठरलं. भाऊ आला तोच चिडलेला. "आक्का, तू त्यांना फूस लावतेस. दोन लेकरं असताना बाप पत्र्यात राहतो म्हटल्यावर लोक काय म्हणतील?"

"लोक काही भाकरी आणून देणार नाहीत," मी म्हटलं.

आम्ही तिघं सकाळच्या एसटीनं गेलो. शेड धड होतं. होडी एका शिवणीत जरा गळत होती, आण्णांनी तिथं डांबर लावलं. वारा नव्हता. पाणी इतकं थिर होतं की बुडालेल्या बाभळींचे शेंडे पाण्यात उलटे दिसत होते. भाऊ पँट गुडघ्यापर्यंत दुमडून होडीत बसला आणि दोन्ही कडा घट्ट धरून राहिला.

"साहेब, हालू नगा," आण्णा म्हणाले. "ही बँकेची खुर्ची न्हाई."

"या पाण्यामुळंच जमीन हलली म्हणतात लोक. आणि तुम्हाला याच पाण्याकाठी राहायचंय."

"म्हून तर होडीत बसावं. हितं जमीन हलली तरी कळत न्हाई."

त्यांनी बाभळींच्या कडेनं जाळं सोडलं, मग वल्ह्यानं पाण्यावर फटके मारत होडी गोल फिरवली. मासे बिचकून जाळ्याकडं पळतात. सात-आठ चिलापी आणि एक दांडगी मरळ मिळाली. मरळ होडीत उड्या मारायला लागली, तेव्हा भावानं पाय वर घेतले आणि होडी कलली. आण्णांनी मरळीवर ओलं पोतं टाकलं. मला वाटलं, ते भावावरही टाकतील.

काठावर त्यांनी राख लावून मासे साफ केले. मासळीला चिखलाचा वास येतो, तो जावा म्हणून हळद, मीठ आणि चिंचेचं पाणी चोळून ठेवलं. कांदा आणि खोबरं निखाऱ्यावर भाजलं, तीळ परतले, सगळं दगडावर वाटलं, वर काळं तिखट. इथवर मला काही बोलायचं नव्हतं.

मग त्यांनी पीठ घेतलं. घरात गॅस होता, इथं जाळ एका बाजूला जात होता. पहिली भाकरी तव्याला चिकटली. दुसरी उचलताना दुभंगली. आण्णांच्या कपाळावर घाम आला. मी मदतीला हात पुढं केला नाही. तिसरी उतरली, जाड, एका अंगाला काळी.

"ही पण मोडलीय," भाऊ म्हणाला.

"कालवणात कुस्करायचीच हाय की. तुजं अर्धं काम म्या केलं."

मी तिसरी भाकरी मधोमध बोटानं दाबली, तुकडा तोडून खाल्ला. आतपर्यंत शिजली होती.

"झाली," मी म्हटलं.

भावानं दोनदा कालवण मागून घेतलं. काटे काढताना त्याला बोलायला फुरसत नव्हती. हात धुतल्यावर मात्र म्हणाला, "कडक थंडीत, पौष-माघात, दोन महिने नांदेडला यायचं. हे कबूल असेल तर माझं काही म्हणणं नाही."

"येतो की," आण्णा म्हणाले. "व्हय म्हणलं ना."

त्यांना संध्याकाळी परत न्यायचं आणि मग सावकाश सामानासकट सोडायचं, असं मी धरून चालले होते. आण्णा उठलेच नाहीत. "आता कशाला येरझारा? पीठ हाय, मीठ हाय. तुमी निघा, गाडी चुकंल." मी पिठाचा डबा घट्ट लावला, काडेपेटी कोरड्या जागी ठेवली आणि आम्ही दोघं फाट्याकडं निघालो.

महिन्याभरानं मी पीठ-तेल घेऊन गेले, तेव्हा शेडसमोर तीन भोई जेवायला बसले होते. मासे त्यांचे, भाकऱ्या आण्णांच्या. पहाटेपासून पाण्यावर असलेल्या त्या माणसांना जागेवर गरम भाकरी कोण देणार? त्यांनी मासळी आणायची आणि आण्णांनी थापायचं, असं त्यांचं आपसात ठरलं होतं. आण्णांच्या कोपरापर्यंत पीठ होतं आणि तव्यावरची भाकरी चक्क फुगत होती.

मी विचारलं, "आणि तुमची होडी?"

"हाय की तितंच," आण्णा म्हणाले. "वेळ कुटं मिळायलाय माय? जरा जाळ सार आत."