मागच्या सीटवरचा मालक

मार्तंड हटवार एका जागी बसलेले त्यांच्या आईनंही फारसे पाहिले नव्हते. जेवताना त्यांचा एक गुडघा हलत असायचा. टीव्हीवर बातमी संपायच्या आत ते दुसऱ्या चॅनलवर तीच बातमी शोधायचे. लग्नात मंगलाष्टकं लांबली, की जेवणाच्या मंडपाकडे एक चक्कर मारून, भाजी कोणती आहे ते पाहून परत यायचे. अशा माणसाला जगात एकाच ठिकाणी स्वस्थ वाटायचं आणि ते ठिकाणही चालतं होतं. ते म्हणजे त्यांच्या पांढऱ्या सेडानची ड्रायव्हरची सीट.

सेडान म्हणायचं ते कौतुकानं. ही गाडीची जात आपल्याकडे करातून जन्माला आली. लांबी चार मीटरच्या आत राहिली तर कर कमी, म्हणून कंपन्यांनी डिक्की ठेवली, पण आखडून. बाजूनं पाहिलं तर वाटतं, गाडी पुढून ऐटीत निघाली आणि मागं कोणीतरी घाईनं दार लावून घेतलं. पण मार्तंडरावांचा जीव त्या डिक्कीतच होता. ते नागपूरच्या लकडगंजात बसून सुताची दलाली करत. कामठीच्या पॉवरलूमवाल्यांना सुताचे नमुने दाखवायचे, तर सूत गुंडाळलेल्या कोनांचे खोके टाकायला डिक्की हवी, हे त्यांचं अधिकृत कारण होतं. अनधिकृत कारण ते चहाच्या टपरीवर सांगत, "डिक्की नाही त ते गाडी कायची बे? डबा आहे तो."

गाडीबद्दल कोणी विचारलं, की त्यांचं भाषण तयार असे. गाडी घेतली त्या वर्षी तयार झालेलं हे भाषण पुढं कधी बदललं नाही. क्लच लोण्यासारखा. मे महिन्यातही एसी असा, की स्वेटर शोधावा लागतो. आणि मागं तीन माणसं आरामशीर बसतात. या शेवटच्या वाक्यात एकच अडचण होती. मार्तंडराव स्वतः मागं कधी बसलेले नव्हते.

मागं बसलेली माणसं घरात होती. सासूबाई मागं बसून रामटेकहून आल्यावर दोन दिवस पाठ टेकून पडल्या होत्या. "वयाचं आहे," असं निदान मार्तंडरावांनी गाडी पुसता पुसता केलं होतं.

त्यांची बायको भावना कामठीतल्याच एका शाळेत विज्ञान शिकवायची. म्हणजे नंदनवन वस्तीतल्या एकाच घरातून, एकाच गावाला, रोज दोन माणसं जायची. एक सकाळी सव्वासहाला, चौकापर्यंत चालत आणि पुढं दोन ऑटो बदलून. दुसरं अकरा वाजता, एसी लावून. गाडी आली त्या वर्षी भावनानं ड्रायव्हिंगचा क्लास केला होता, लायसन्सही काढलं होतं. सरावासाठी रविवारी एका रिकाम्या लेआउटमध्ये ती गाडी चालवायची आणि मार्तंडराव शेजारी बसून ओरडायचे. तिसऱ्या रविवारी ती चावी त्यांच्या हातात देऊन म्हणाली, "मी शाळेत दिवसभर ओरडते. सुटीच्या दिवशी कोणाचं ऐकून घेणार नाही."

सकाळी सोबत का जात नाही, असं तिनं विचारलं की मार्तंडराव म्हणत, "टाइमच जमत नाही न वं. तुहा टाइम वेगळा, माहा टाइम वेगळा." हा टाइम कोणी ठरवला, हे कोणी कधी तपासलं नाही. कामठीचे माग रात्रंदिवस खडखडत असतात. त्यांतल्या एकानंही अकराचाच हट्ट धरल्याची नोंद नाही. पण अकराच्या आधी मार्तंडरावांचा पेपर असायचा, तर्रीपोहे असायचे आणि पोह्यांनंतर गाडीवर फडकं फिरवायचं असायचं.

असं सगळं ठीक चाललं असताना होळी झाली आणि कूलर निघाला.

नागपुरात कूलर लावणाऱ्याला मार्चच्या शेवटी भाव येतो. आज येतो म्हणून तो चार दिवसांनी येतो. मार्तंडरावांना चार तासही निघत नसत. त्यांनी खिडकीबाहेरच्या लोखंडी स्टँडच्या कडेवर प्लास्टिकचा स्टूल ठेवला, स्टुलावर स्वतःला ठेवलं आणि खसची नवी ताटी दोन्ही हातांत धरून कूलरच्या पाठीमागं बसवायला घेतली. आता तोल गेल्यावर माणूस काय सोडतो, हा स्वभावाचा प्रश्न आहे. ताटी नवी होती. मार्तंडरावांनी ती सोडली नाही. ताटी वाचली आणि डावा पाय घोट्याच्या वर मोडला.

डावा पाय म्हणजे क्लच. ऑटोमॅटिक गाडी असती तर उजव्या पायावर भागलं असतं. पण ऑटोमॅटिकबद्दल मार्तंडरावांनी अख्ख्या लकडगंजात सांगून ठेवलं होतं, की ज्याचे हातपाय चालत नाहीत त्यानं ती घ्यावी.

दवाखान्यातून आल्यावर पाय उशीवर ठेवून ते पडले, तेव्हा भावना म्हणाली, "उद्यापासून मी गाडी नेते."

"काहून?"

"तुमचा पाय मोडला. माझी शाळा नाही मोडली."

"तुले चालवता येते का वं? इतक्या वर्षांत हात नाही लावला."

"लायसन्स तुमच्यासारखंच आहे. फोटो जरा बरा आहे."

रात्रभर मार्तंडराव तळमळले. पायानं नव्हे. पहाटे त्यांनी जाहीर केलं, की ते सोबत येतील. कामठीत बाबारावाच्या कारखान्यात तसंही काम आहे, तिथं सोडून दे.

पुढच्या सीटवर प्लास्टर मावेना. म्हणून त्यांना मागं घालावं लागलं. एका दाराला पाठ, दुसऱ्या दाराकडे पाय, डोकं उशीला. मुद्रा थेट शेषशायी भगवानाची, फक्त चेहऱ्यावरची शांती वजा. आणि लक्ष्मी पायाशी नव्हती, स्टेअरिंगवर होती.

गाडी जगनाडे चौकाकडे निघाली. मार्तंडरावांना रस्ता आडवा दिसत होता. आपल्याच गावाची दुकानं कानाच्या बाजूनं सरकताना पाहणं त्यांना सोसेना.

"दुसरा टाक. दुसरा. आवाज येऊन नाही राहिला का तुले?"

"तुमचाच येऊन राहिला."

"अवं, तो सायकलवाला पाहिला का?"

"पाहिला. त्यानंही मले पाहिलं. आम्ही दोघंही शांत आहो."

पुढच्या सीटच्या पाठीला एक धक्का बसला. मग दुसरा.

"काय करून राहिले मागं?"

"ब्रेक मारून राहिलो."

"तो माझ्या मणक्यात लागून राहिला. पाय आवरा, नाही तर दुसराही बांधून आणते."

पहिला स्पीडब्रेकर आला. तिनं गाडी हळू केली होती, तक्रारीला जागा नव्हती. तरी मार्तंडरावांचं डोकं उशीवरून उडून काचेला लागलं. मागं बसलेल्या माणसाला स्पीडब्रेकर दोनदा लागतो, हे त्यांना त्या दिवशी कळलं. एसीची हवा पुढच्या दोन सीटांच्या मधून थोडी डोकावते आणि परत जाते, हेही कळलं. खालचा मधला उंचवटा, अर्धीच उतरणारी काच आणि कमरेखाली अचानक संपणारी गादी यांची ओळख ऑटोमोटिव्ह चौकापर्यंत झाली. तिथं त्यांना सासूबाईंची आठवण आली. त्यांनी ती बोलून दाखवली नाही.

बाबाराव हा कामठीतला जुना पॉवरलूमवाला. त्यानं मार्तंडरावांना धरून उतरवलं, खाटेवर बसवलं आणि मागांच्या आवाजावर ओरडून विचारलं, "सूर्य कुठून उगवला गा आज? तू अन् सकाळी?"

"पायामुळं. तुमची झोपमोड केली."

"झोपमोड कायची? मी त सहालेच येतो. दुपारी ऊन चढलं का घरी जातो. तू अकराले येतो म्हणून इतकी वर्षं ताटकळत बसतो."

पाठ फिरवून भावना गाडीत बसत होती. तिनं ऐकलं की नाही, ते कळायला मार्ग नव्हता. दार मात्र तिनं नेहमीपेक्षा हळू लावलं, आणि मार्तंडरावांना ते आपटल्याहून जास्त लागलं.

असं रोज सुरू झालं. साडेबाराला शाळा सुटली की ती बाबारावाकडून त्यांना उचलायची, लकडगंजात दलालीच्या गादीवर सोडायची आणि घरी जायची. तिचं वेळेवर येणं त्यांना खुपायला लागलं. गाडीला एकही ओरखडा पडत नव्हता, हे तर फारच खुपायला लागलं. ड्रायव्हरची सीट पुढं सरकली ती सरकलीच. आरशात त्यांच्या ओळखीचं काही दिसेना. दाराच्या कप्प्यात, जिथं त्यांचं फडकं असायचं, तिथं पाण्याची बाटली आणि खडूचा डबा आला. संध्याकाळी ते म्हणाले, "रातच्याले सीट मागं करून ठेवत जाय. स्प्रिंग खराब होते."

"गाडीची नाही, तुमची स्प्रिंग खराब होऊन राहिली," भावना म्हणाली. "झोपा."

एका रविवारी तिचा धाकटा भाऊ विक्की आला. त्याला हीच गाडी बुक करायची होती, म्हणून मालकाचा अनुभव विचारायला आला होता. मार्तंडरावांनी दिवाणावर उशी सरकवून घसा साफ केला.

"क्लच म्हणशीन त लोण्यासारखा. एसी म्हणशीन..."

"मागं कसं आहे भाऊजी? आई बसंन न मागं?"

मार्तंडरावांनी तोंड उघडलं. तीन माणसं आरामशीर हे शब्द ओठांपर्यंत आले, आणि त्याच वेळी त्यांचा हात आपोआप डोक्यामागं गेला. "मागं... तसं... लहान पोरांसाठी चांगलं आहे," ते म्हणाले.

"ताई, तूच सांग," विक्की म्हणाला आणि त्यानं खुर्ची वळवली.

भावना भाजी निवडता निवडता बोलली. पहिल्या गिअरमध्ये गाडी सुस्त आहे, चढावर थांबली तर घाई करू नको. समोरच्या काचेचा डावा खांब जाड आहे, वळताना स्कूटरवाला त्याच्यामागं लपतो, मान पुढं घालून पाह्यजो. आईले मागं बसवशीन त कमरेमागं उशी दे. मार्तंडराव ऐकत राहिले. खांबाचं त्यांनाही माहीत होतं. पण आपण मान पुढं घालतो, हे त्यांच्या कधी लक्षात आलं नव्हतं.

"मस्त चालवते वाटते तू," विक्की म्हणाला. मग ज्याला घरात कोणी हात लावत नव्हतं, ते त्यानं सहज विचारलं. "पण प्लास्टर निघालं का मग गाडी कोण नेईन?"

कूलरवाला शेवटी येऊन गेला होता, त्यामुळं जे काही उत्तर द्यायचं ते कूलरनंच दिलं.

मेच्या उन्हात प्लास्टर कापलं. आत पाय पांढरा आणि पोरकट दिसत होता. डॉक्टर म्हणाले, हळूहळू गाडी चालवायला हरकत नाही. शाळेच्या परीक्षा संपल्या होत्या, पण मास्तरांना पेपर तपासायला जायचं होतं. घरी येईपर्यंत नवराबायको उन्हाबद्दल बोलले.

दुसऱ्या दिवशी सहा वाजता भावना तयार होऊन आली, तर खिळ्यावर चावी नव्हती. मार्तंडराव व्हरांड्यात उभे होते, खिशात हात घालून. तिनं खिळ्याकडे पाहिलं, खिशाकडे पाहिलं. मग पर्स खांद्याला लावली, चपला घातल्या आणि फाटक उघडून चौकाकडे चालायला लागली. रागानं नाही. रोजच्यासारखी, म्हणजे पूर्वीच्या रोजच्यासारखी.

मार्तंडराव गाडीत बसले. गुडघे स्टेअरिंगला टेकले, पण सीट मागं घ्यायलाही त्यांना धीर निघाला नाही. तसेच आखडून त्यांनी गाडी काढली आणि चौकाच्या अलीकडे तिच्या शेजारी थांबवली.

"बस. कामठीले सोडतो."

"ऑटो येऊन राहिला."

"येऊ दे. मी आहो न."

"आज आहे. उद्या?"

"उद्याचं उद्या पाहू वं."

"इतकी वर्षं तेच पाहून राहिली मी," ती म्हणाली आणि समोरून येणाऱ्या ऑटोला हात दाखवला.

ऑटो थांबला. आत बसलेल्या बाया सरकल्या, एक जागा झाली. भावनानं एक पाय आत ठेवला. मार्तंडरावांनी दार उघडलं, लंगडत गाडीला वळसा घातला आणि डाव्या बाजूच्या दाराशी जाऊन उभे राहिले.

"चालव तू."

"काहून?"

"क्लच जड लागून राहिला."

"लोण्यासारखा आहे म्हणता न?"

"मले जड लागून राहिला म्हणतो न! लोणी म्हणून काय रोज रोज..."

ऑटोवाला म्हणाला, "मॅडम, बसता का जाऊ?"

"जा भाऊ," भावना म्हणाली. "उद्याही नको थांबू."

बाबारावाकडचं काम त्या दिवशी साडेअकरालाच आटोपलं. तिथं वाट पाहण्याइतका धीर मार्तंडरावांत नव्हता. ते काठी टेकत शाळेच्या फाटकाशी गेले आणि कडुनिंबाच्या सावलीत येरझारा घालू लागले. फाटकावरचा चौकीदार बराच वेळ पाहत होता. शेवटी त्यानं विचारलं, "कोणाचे पालक तुम्ही? पोरायले त सुट्ट्या लागल्या."

"पोरगं नाही गा. गाडी आहे आत. ते पांढरी."

"ते?" चौकीदारानं मान वळवून पाहिलं. "ते त हटवार मॅडमची गाडी आहे."

मार्तंडरावांच्या खिशात गाडीच्या नोंदणीची आरसी होती. तिच्यावर नाव त्यांचं होतं, डिक्कीची निवड त्यांची होती, फडक्यानं झिजलेला रंग त्यांचा होता. हे सगळं सांगायला एक मिनिट पुरलं असतं, आणि चौकीदाराला दुसरं कामही नव्हतं.

"हो, त्याइचीच आहे," ते म्हणाले. "मी त्याइचाच माणूस आहो."

"मंग बाहेरच थांबा," चौकीदार म्हणाला. "मॅडम येतीन साडेबाराले."

मार्तंडराव बाहेर थांबले. थांबले म्हणजे, कडुनिंबापासून फाटकापर्यंत आणि फाटकापासून कडुनिंबापर्यंत.