कागदावरचा जानेवारी

हे मी आजवर कुणाशीच बोललेलो नाही. बारा वर्षांपूर्वी ज्यांच्या घरी राहायला आलो, ज्यांच्या टेबलावर रोज जेवलो, त्यांच्याशीही नाही — त्यांच्याशी तर नाहीच. तुमच्याशी बोलतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. किंवा ओळखत असाल तर इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत स्टेजवर उभा केलेला तो दाढीवाला म्हणून — 'आपला मराठी आइस हॉकीपटू!' — शाल, नारळ, टाळ्या. तेवढंच.

दिवाळी अंकासाठी तुमचा प्रवास लिहून द्या, असं बुइटनव्हेल्डर्ट या डच वस्तीत राहणाऱ्या एका ताईंनी सांगितलं. माझ्या इथल्या पहिल्या थंडीत ट्रेनने दोन तास प्रवास करून त्यांनी मला पुरणपोळ्या आणून दिल्या होत्या. "आमच्या मुलांना जरा कळू दे, सगळं जग काही इंजिनीअर होत नाही," म्हणाल्या. "प्रेरणादायी लिहा हं." मी हो म्हणालो. मला नाही म्हणताच येत नाही. या देशात ज्यांनी मला दोन घास दिले, त्यांच्यापुढे मी अजून पाहुण्यासारखा खुर्चीच्या कडेवर बसतो. तर — तीन आठवडे बसलो. प्रेरणादायी काही निघालं नाही. हे निघालं. छापायचं की नाही ते ताईंनी ठरवावं.

मी नववीपर्यंत शिकलोय. मंडळात कुणी "शिक्षण काय झालं?" असं विचारलं की मी "स्पोर्ट्समध्येच" म्हणतो आणि बशीतला वडा तोंडात घालतो. लोक समजून घेतात — अभ्यासात कच्चा असणार बिचारा. नव्हतो. गणितात तर वर्गात दुसरा होतो. मग शाळा का सुटली? येतो तिथे. जरा वळसा घेऊन येतो, पण येतो.

सांगलीत आमच्या कॉलनीच्या मागे स्केटिंगचं सिमेंटचं मैदान होतं. तिथे आम्ही चाकांचे बूट घालून हॉकी खेळायचो. बर्फ म्हणाल तर रसाच्या गाड्यावर गोणपाटात गुंडाळलेली लादी असायची, तेवढाच पाहिलेला. पण पाय चालायचे माझे. मैदानाच्या कोपऱ्यावर बाकीची पोरं वेग कमी करायची, मी वाढवायचो. हे मी आज मिरवून सांगतो, कारण पुढे जे सांगणार आहे त्यात मिरवण्यासारखं काही नाही. ते पाय माझेच होते. ते कुठल्या कचेरीत शिक्का मारून मिळालेले नव्हते.

आम्हाला शिकवायला सर होते. तुम्ही आपल्याकडे शाळेत कुठलाही खेळ खेळला असाल, तर तुम्हाला हे माहीत असेल — लहान गटातल्या पोरांना मिशा असतात. आणि निम्म्या संघाचा वाढदिवस जानेवारीत असतो. वयोगट एक जानेवारीपासून मोजतात; त्यानंतर लगेच जन्मलेल्याला त्या गटात जवळजवळ आख्खं वर्ष जास्त मिळतं. म्हणून पोरं जानेवारीत जन्माला येतात. मुद्दाम. दहा-बारा वर्षांची झाल्यावर.

माझा जन्म ऑगस्टचा. नववीत होतो, पंधरा पूर्ण, आणि वरच्या गटात ढकलला जाणार होतो. तिथे माझ्याहून रुंद पोरं होती.

मी लहान होतो, सरांनी केलं, वडिलांनी सही केली — असं सांगता आलं असतं ना? तुमचाही विश्वास बसला असता. पण तसं झालं नाही. मीच सरांच्या मागे लागलो. "सर, सगळ्यांचं केलंय, माझंही करा की." सर नको म्हणत होते. चार वेळा नको म्हणाले. पाचव्यांदा घरी आले.

वडील एसटीच्या डेपोत मेकॅनिक. सरांनी सगळं समजावलं तसे ते हसायला लागले. "अडीच वर्षं कमी होणार? करा की मग. म्हातारा जरा उशिरा होईल!" आई चहा घेऊन आली होती. ती म्हणाली, "आणि मी कळा दिल्या तो दिवस कुणाचा म्हणायचा?" मी सरांच्या तोंडाकडे बघत होतो — ते उठतायत की काय म्हणून.

उशिरा नोंद केलेला नवा जन्मदाखला आला. कुठून, कसा, ते नको. पण शाळेच्या रजिस्टरात खरी तारीख होती, आणि दहावीचा फॉर्म भरला की तीच पुढे जाणार. सर म्हणाले, "बोर्डाच्या सर्टिफिकेटवर एकदा तारीख बसली की ती ब्रह्मदेवालाही हलवता येत नाही. विचार कर बाबा." मी विचार केला. एका संध्याकाळीत केला. दहावीचा फॉर्म भरलाच नाही. शाळा सुटली ती अशी — नापास होऊन नाही, खोटं पास व्हावं म्हणून.

इथवर ऐकून तुम्ही म्हणाल, हात्तिच्या, एवढंच? हे तर सगळेच करतात. थांबा. मीही बरीच वर्षं इथेच थांबत होतो.

तीन वर्षांनी लडाखच्या आइस हॉकी शिबिरात मी पहिल्यांदा बर्फावर उतरलो. तिथे शिकवायला एक डच ट्रेनर आला होता. दोन आठवड्यांनी त्याने मला बाजूला घेतलं. सोळा वर्षांचा मुलगा, बर्फावरचा पहिलाच हिवाळा आणि हे असं? त्याला खरंच वाटेना. त्यातलं पहिल्या हिवाळ्याचं खरं होतं. सोळा मात्र नव्हतो. अठरा पूर्ण होऊन पाच महिने झाले होते. त्याने इथल्या क्लबशी बोलून मला आणलं, आणि क्लबने मला अनेकेच्या घरी ठेवलं.

अनेके म्हणजे यूपची आई. यूप त्याच क्लबच्या तरुण संघात पुढच्या फळीत खेळायचा. मीही तिथेच. यूप अठरा वर्षांचा होता. कागदावर मी सोळा, म्हणजे तो मोठा भाऊ झाला. खरं तर मी एकोणीसचा. एका वर्षाने मीच मोठा. पण तो मोठ्यासारखाच वागला हो. मला क्लाइन्चे म्हणायचा — म्हणजे छोट्या. बर्फावर पात्याच्या आतल्या कडेवर वजन कसं टाकायचं ते त्याने शिकवलं. समोरच्या वाऱ्यात सायकल कशी मारायची, स्टिकला टेप कशी गुंडाळायची, गोरा माणूस "बघू या" म्हणाला की त्याचा अर्थ नाही असा असतो — सगळं त्याने शिकवलं. शेवटचं पॅनकेक उरलं की अनेके त्याच्याकडे बघायची आणि तो माझ्या ताटात सरकवायचा. आणि मी खायचो. धाकट्यासारखा.

इथे वाढदिवसाला खुर्च्या गोल मांडतात आणि आलेला प्रत्येक जण सगळ्यांचं अभिनंदन करतो. नुसतं वाढदिवस असलेल्याचं नाही — आईचं, भावाचं, शेजारणीचंसुद्धा. जानेवारीत माझा झाला. यूपची एक म्हातारी मावशी काठी टेकत आली आणि अनेकेचा हात हातात घेऊन म्हणाली, तुझ्या मुलाबद्दल अभिनंदन. अनेकेने नुसतं थँक यू म्हटलं. दुरुस्ती केली नाही. इथल्या रीतीप्रमाणे त्यांच्या संडासात वाढदिवसांचं कॅलेंडर टांगलेलं असतं, त्यात तिने माझं नाव लिहिलं होतं. रोज सकाळी समोर. आणि ऑगस्टमध्ये आईचा फोन यायचा. ती तारीख बोलायची नाही. "काहीतरी गोड खा आज," एवढंच म्हणायची.

त्याच फेब्रुवारीत मी बर्फाच्या मैदानाभोवतीच्या कठड्यावर आपटलो आणि मनगट सुजलं. अनेके मला हॉस्पिटलात घेऊन गेली. एक्स-रे काढला. मी घाबरलो. हाड मोडलं असेल म्हणून नाही — आपल्याकडे वय चोरणाऱ्या पोरांना मनगटाच्या एक्स-रेवरूनच पकडतात. तरुण डॉक्टर होता. फोटो उजेडापुढे धरून म्हणाला, "सतरा? ही तर पुऱ्या वाढलेल्या माणसाची हाडं दिसतायत."

मी काही बोलायच्या आधी अनेके बोलली. "डॉक्टर, तो उन्हातून आलाय. तिकडे सगळं लवकर पिकतं!"

डॉक्टर हसला. ती हसली. मग मीही हसलो. गाडीत बसल्यावर तिने माझ्या गुडघ्यावर थोपटलं, "घाबरलास ना रे?" मी मान डोलावली. त्या दिवशी माझ्यासाठी तीही खोटं बोलली, आणि ते तिला आजही माहीत नाही. हे मी केलं. तिच्या तोंडून करवलं.

आता ती खोली.

ऑगस्टचा शेवट. मुख्य संघात पुढच्या फळीतली एक जागा मोकळी झाली होती. एकच. पगारी. त्या संघाच्या ट्रेनरने आम्हा दोघांना एकदम त्याच्या खोलीत बोलावलं — इथे असं तोंडावर सांगतात. तो म्हणाला, तुम्ही दोघं सारखेच आहात. यूप कदाचित किंचित पुढेच. "पण हा सतराचा आहे, यूप. तू एकोणीसचा होशील. सतराव्या वर्षी जो इतका खेळतो, तो बावीसला काय खेळेल? मला बघायचंय वाढ कुणात शिल्लक आहे."

मला नुकतंच विसावं पूर्ण झालं होतं. आईचा फोन येऊन दहा दिवस झाले होते.

मी वीस वर्षांचा आहे — डचमध्ये हे तीन शब्दांचं वाक्य आहे. भाषेच्या पहिल्याच तासाला शिकवतात. मला येत होतं. ट्रेनरने माझ्याकडे बघितलं, यूपने बघितलं. घड्याळ लावून मोजलं तर अर्धं मिनिट असेल. मी त्याच्या टेबलाचा पाय बघत बसलो.

बाहेर आल्यावर काय झालं, ते लिहायला मला तीन आठवडे लागले. मी रडलो. कपडे बदलायच्या खोलीत बाकावर बसून रडलो, आणि यूप — ज्याची जागा मी आत्ताच घेतली होती तो — माझ्या शेजारी येऊन बसला. माझ्या मानेवर हात ठेवला. "छोट्या, वेडा आहेस का? माझ्यासाठी रडतोस? अरे, त्यांचं बरोबर आहे. तू लहान आहेस. तुझ्यापुढे वेळ आहे." घरापर्यंत सायकलवर तो मला समजावत होता. आणि मी समजावून घेतलं. खोट्यापेक्षा मला हे जास्त बोचतं. जागा घेतली ती घेतलीच; वर त्याच्याकडून सांत्वनही घेतलं.

यूप एक हंगाम दुसऱ्या संघात खेळला, मग सोडलं. आता लोकांच्या घरी हीट पंप बसवतो. शनिवारी मुलीला घेऊन स्टँडमध्ये बसतो, माझा गोल झाला की तिला खांद्यावर उचलतो. सुखात आहे. पण त्याचं सुख मी माझ्या बाजूने मांडणार नाही. ते त्याचं त्याने मिळवलंय.

आणि मी? मी त्यानंतर वाढलोच नाही. पहिली दोन वर्षं ट्रेनर वाट बघत होता, पुढे बघेनासा झाला. चांगला खेळलो, दरवर्षी खेळलो, संघात टिकलो — पण त्या ऑगस्टमध्ये जेवढा होतो तेवढाच राहिलो. राहणारच. माझ्यात वाढ शिल्लक नव्हतीच. शिल्लक होती ती यूपमध्ये. ट्रेनरने प्रश्न बरोबर विचारला होता.

गरिबी होती म्हणून केलं, असं मी म्हणणार नाही. आम्ही दोन वेळचं जेवत होतो. सगळेच करतात, असंही नाही. सरांवर ढकलणार नाही. हे वाचून कुणाला कुठे कळवावंसं वाटलं, तर खुशाल कळवा. मी क्लब बदलणार नाही, पत्ता बदलणार नाही. या देशाने मला घर दिलं, ते काढून घ्यायचं तर तेही त्यांनी माझ्या तोंडाकडे बघून काढावं. आणि तोंड पाडून फिरणार नाही. बर्फावर मी जे धावलो ते माझ्या पायांनी धावलो, त्यासाठी मान खाली घालणार नाही. मान खाली घालायची ती एका खोलीपुरती.

अंक हातात पडायच्या आत मी हे यूपला सांगणार आहे. अनेकेच्या समोर, तिच्या टेबलावर. तो काय म्हणेल हे मी मनात खूपदा वदवून बघितलं, आता बंद केलंय. त्याने काही म्हणावं अशी माझी अट नाही.

तुम्ही विचाराल — परत त्या खोलीत नेऊन बसवलं, तर बोलशील? बोलेन असं लिहिलं तर हा लेख एकदम प्रेरणादायी होईल, ताईंनाही आवडेल. पण मी आता पुरेसं खोटं बोललोय.

मी एकतीस वर्षांचा आहे. जागा एक होती, ती यूपची होती, ती मी घेतली. घेताना मला माहीत होतं. आणि त्यानंतरची अकरा वर्षं मी आनंदाने खेळलो.