ऐलीच्या नावाचे पाच मासे

ऐली कांगासला दर वसंतात नवऱ्याकडून एक भेट मिळायची: मासे धरायचं लायसन्स. आर्वो दुकानातून आमिषाच्या जळवांचा डबा, होडीच्या मोटारीचं तेल आणि बायकोचं लायसन्स एकदमच घेऊन यायचा. फ्रिजवर चुंबकाखाली ते अडकवायचा आणि म्हणायचा, "घे गं, तुझा दागिना." आता बोला! एवढ्या वर्षांच्या संसारात त्या दागिन्यावर बाईने एक मासा स्वतःच्या हाताने होडीत घेतला असेल तर शपथ.

प्रेमबीम काही नव्हतं त्यात. वॉलआय हा काचेसारख्या डोळ्यांचा, गोड मांसाचा मासा, आणि त्याचं लिमिट दर माणशी दिवसाला पाच. आर्वोसारख्याचं पाचात काय भागणार? म्हणून बायको होडीत. दोन लायसन्सं, दहा मासे. कायदा असं म्हणत नाही, बरं का. कायदा म्हणतो, ज्याचे त्याने धरायचे, जोडीदाराच्या वाट्याचे तुम्ही धरलेत तर तेही तुमच्याच नावावर. पण त्या तळ्यावर निम्म्या होड्यांत एकेक बायको अशीच बसवलेली असते. अंगावर घोंगडी, हातात गळाची काठी, आणि जीव घरी ओव्हनमधल्या पावात.

बरं, ऐलीला मासे धरता येत नव्हते असंही नाही. पोरवयात बापाबरोबर लाकडाच्या गिरणीजवळच्या पुलावर बसून तिने टोपल्या भरल्या होत्या. लग्न झालं, होडी आली, आणि होडीबरोबर आर्वोची मालकीही आली. तिच्या काठीचं टोक जरा कुठे वाकलं की हा धावलाच. "दे इकडे, दे, सोडशील!" काठी हातातून गेलेली, मासा बर्फाच्या पेटीत पडलेला, आणि ही रिकाम्या हातांनी बसलेली. पुढेपुढे तर तो तिच्या गळाला आमिषही लावेनासा झाला. "पाण्यात धरून ठेव नुसती. कोणी आलं तर दिसायला बरी." ती धरून ठेवायची. शाळेच्या स्वयंपाकघरात दोनशे पोरांना दटावून जेवू घालणारी बाई, होडीत मात्र गप्प. का, ते तिचं तिलाही सांगता आलं नसतं.

त्यातून मध्ये एक भानगड झाली. व्हर्नन नावाच्या मित्राबरोबर गेला असताना आर्वोला वॉर्डनने, म्हणजे तळ्यावर नजर ठेवणाऱ्या सरकारी माणसाने, पकडलं. व्हर्नन होडीत घोरत पडलेला आणि पेटीत दोघांचं लिमिट भरलेलं. दंड झाला तो झालाच, वर न्यायाधीशबाईंनी बजावलं, पुन्हा सापडलात तर लायसन्स काही वर्षांसाठी विसरा. सत्तरीच्या माणसाला काही वर्षं म्हणजे किती, हे आर्वोला बरोबर कळलं होतं. तेव्हापासून व्हर्नन बंद आणि ऐलीला सुट्टी बंद. गुडघा सुजलेला असो की अंगात कसर असो, "तू नसलीस तर पाचातच परत यावं लागतं गं," म्हणून तो तिला उठवायचाच.

आणि मग तो रविवार आला. चर्चच्या तळघरात कॉफी चालली होती, वेलचीच्या पावाच्या चकत्या फिरत होत्या. आर्वो हात पसरून सांगत होता, "काल दहा! दहाच्या दहा नऊ वाजायच्या आत." कोणीतरी सहज विचारलं, "ऐली, त्यातले तुझे किती?" ती तोंड उघडणार तेवढ्यात आर्वोच म्हणाला, "तिचे? अरे, ती माझी दुसरी पिशवी आहे!" सगळे हसले. पाद्रीसुद्धा हसला मेला. ऐलीही हसली, आणि बशा विसळायला म्हणून आत जाऊन नळ सोडून उभी राहिली. तिच्या कानशिलांची आग होत होती. पिशवी म्हणे!

पुढच्या शनिवारी पहाटे ती न उठवता उठली. आर्वो खूश. "गुडघा बरा दिसतोय," म्हणाला. होडीत बसल्यावर तिने डब्यात बोटं घातली, एक जाडजूड जळू निवडली आणि आपल्या गळाला स्वतः लावली. आर्वोचं लक्ष नव्हतं, तो होडी लावण्यात गुंतला होता. लावली कशी? पाण्याखालच्या खडकांची रांग त्याच्या बाजूला, आणि ऐलीच्या बाजूला सपाट चिखल, जिथे मासाच काय बेडूकही फिरकत नाही.

"जरा फिरव ना होडी," ती म्हणाली.

"कशाला? छान लागलीये."

"तुझ्या बाजूला छान लागलीये."

"मग मासे माझ्याच बाजूला येणार ना, वेडे!"

आला की पहिला. मग दुसरा. तिसऱ्याला तर त्याने शीळ घातली. ऐली चिखलात गळ टाकून बसली होती आणि तिचा नुसता जळफळाट चालला होता. मासा पेटीत पडला की तो मोठ्याने मोजायचा. पाच झाल्यावर क्षणभरही न थांबता म्हणाला, "आता तुझे," आणि पुन्हा गळ टाकला.

"माझे मी धरते," ऐली म्हणाली.

"धर की. मी कुठे नाही म्हणतोय?"

"तू थांबलास तर धरेन. माझ्या वाटचे तूच संपवलेस तर मी काय धरू?"

"ऐली, अगं घरात जातात एकाच कढईत. कोणी धरले त्याला काय विचारायचंय?"

कढई तर एकच होती. तिच्या नावाचा पहिला आला, दुसरा आला, आणि बघता बघता पाचवाही आला. आर्वोने पेटीचं झाकण लावलं, हात पुसले, थर्मास उघडला. "उचल काठी. झालं आपलं."

"तुझं झालं," ती म्हणाली. वाऱ्याने होडी थोडी वळली होती आणि खडकांचं टोक आता तिच्या बाजूला आलं होतं. तिने काठी उचलली नाही. दोरा थोडा सैल सोडला, बापाने शिकवला होता तसा, आणि वाट पाहिली.

लागला तो असा लागला की काठी होडीच्या कडेवर आपटली.

"दे इकडे!" कॉफी सांडत आर्वो उठला. "दे, दे, सोडशील!"

ऐलीने मासा उचलायच्या जाळीच्या दांड्याने त्याच्या मनगटावर सणसणीत फटका मारला. "हात लावलास तर पाण्यात ढकलीन! देवाशप्पथ ढकलीन!"

तो मटकन खाली बसला. उभ्या आयुष्यात तिचा असा आवाज त्याने ऐकला नव्हता. मासा खाली गेला, होडीखालून निघाला, दोरा सुंईकन सुटला. तिने सोडला, ओढला, पुन्हा सोडला. गुडघा ठणकत होता, तोंडाने बापाच्या फिन्निश भाषेतल्या शिव्या चालल्या होत्या. शेवटी तिने त्याला जाळीत घेतला, एकटीने. सोनेरी पाठ, पांढरं पोट, आणि पेटीतला कुठलाही त्याच्यापुढे पोर दिसावा असा.

"आई गं," आर्वो पुटपुटला. त्याच्या तोंडावर खरंखुरं कौतुक होतं, पण टिकलं नाही. खडकापलीकडून दुसऱ्या होडीच्या मोटारीचा आवाज आला आणि त्याचा चेहराच उतरला. "वॉर्डन! ऐली, सोड. सोड त्याला पटकन."

"का म्हणून?"

"तुझे पाच झालेत ना! अकरा सापडले तर माझं काय होईल? न्यायाधीशबाई विसरलीस का तू?"

ती विसरली नव्हती. जाळी तिने होडीच्या कडेला पाण्यातच धरली होती, मासा जिवंत होता, कल्ले हलत होते. मनगट वळवलं की गेला असता, आणि मग कोणाचं काही बिघडलं नसतं. तिने वळवलं नाही. तिला रडू येत होतं आणि रडू येतंय याचाच तिला जास्त राग येत होता.

लाफ्लूर म्हणून नवा वॉर्डन होता, पन्नाशीचा, गोडबोल्या. होडीला होडी लावून त्याने लायसन्सं पाहिली, पेटी उघडायला सांगितली.

"पाच माझे, पाच बायकोचे," आर्वो घाईघाईने म्हणाला. "आणि तो जाळीतला आत्ताच लागला, साहेब. सोडतोच आहोत."

लाफ्लूरने जाळीत पाहिलं आणि टोपी मागे सारली. "अरे बापरे! बाई, हा सोडायचा म्हणजे जिवावर येणार तुमच्या. पण लिमिट भरलंय, इलाज नाही." मग पेटीवर वाकून त्याने सहज विचारलं, विचारायचं म्हणून, "यातले तुमचे पाच कुठले?"

ऐलीने पेटीत पाहिलं. दहाही मासे बर्फावर एकसारखे पडलेले. आर्वो तिच्याकडे बघत होता, आणि त्याच्या डोळ्यांत काळजी नव्हती. तिला तेच झोंबलं. ही सांभाळून घेणार, याची त्याला पुरती खात्री होती.

"यातला एकही नाही," ती म्हणाली. "हा जाळीतला माझा. एवढाच."

"ऐली!"

"बाकीचे सगळे त्याने धरलेत."

लाफ्लूरने आर्वोकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "बाई, तुम्ही काय म्हणताय ते कळतंय ना तुम्हाला?"

"कळतंय. माझा पहिलाच आहे तो. मला ठेवता येईल ना?"

"येईल," वॉर्डन सावकाश म्हणाला. त्याने आर्वोचं लायसन्स पुन्हा हातात घेतलं, रेडिओवरून नाव सांगितलं, तिकडून आलेलं उत्तर ऐकलं आणि मान हलवली. लिमिटावरचे पाच मासे त्याने जप्त केले. आर्वोची काठी आणि रीळही नेलं. कोर्टाची तारीख येईल म्हणाला, आणि मोटार चालू करून निघून गेला.

आर्वोचे हात मांडीवर पालथे पडले होते, काय करायचं ते विसरल्यासारखे. तो एकाएकी फार म्हातारा दिसायला लागला. पण बोललेलं परत घ्यावं असं काही ऐलीला वाटलं नाही.

"आता मी काय करू, ऐली?" तो अखेर म्हणाला. "एका माशासाठी... सांग ना, उन्हाळाभर आता मी काय करू? होडीत नुसता बसून राहू?"

ऐलीने मासा पेटीत नीट ठेवला, हात पाण्यात धुतले आणि डब्यातून दुसरी जळू काढली.

"मी बसले की," ती म्हणाली. "ऊठ, होडी फिरव. माझे अजून चार राहिलेत."