सड्यावरचे दोन रकाने

रोझालिनबाईंचा फोन आला तेव्हा मी सकाळचे वर्तमानपत्र उघडले होते. "मास्तर, आमचे बस्त्याव गेले," एवढेच त्या म्हणाल्या. त्यांचे यजमान बस्त्याव सर आमच्या शाळेत विज्ञान शिकवीत. मी गणित शिकवत असे आणि पुढे मुख्याध्यापक झालो. त्या फोनला पाच आठवडे झाले, तरी मन एका जागी बसत नाही. शोक आहेच... पण खरे कारण वेगळे आहे आणि ते क्रमाने सांगितले पाहिजे.

आमच्या गावामागच्या सड्यावर, जांभ्या दगडाच्या त्या उघड्या पठारावर, सर मुलांना घेऊन वारा मोजत. करवंट्यांचे फिरते चक्र वाऱ्याचा वेग सांगे. एकाच मापाची दोन ओली फडकी असत : एक सपाट कातळावर पसरलेले, दुसरे खडबडीत दगडांवर दाबून बसवलेले. तासाभराने ती तोलली की किती ओलावा उडाला ते कळे. खडबडीत दगड वाऱ्याचा वेग कितीतरी अधिक खातात, हे आम्हा दोघांनाही मान्य होते. माझे म्हणणे पुढचे होते : जे भोवरे वेग खाली आणतात तेच ओलावा वर नेतात, तेव्हा ओलावाही त्याच प्रमाणात अधिक उडाला पाहिजे. सरांच्या मोजणीत तो जेमतेम अधिक उडत होता.

"वारो दगडार आपटता आणि थंयच बळ टाकता," ते म्हणाले. "ओलावो खंय आपटतलो, मास्तर? फडक्याक चिकटान बसलेल्या हवेतसून तेका सावकाश भायर येवचा लागता. थंय भोवरो पोचना नाय."

"मग तुमचा तराजू आळशी आहे!" मी म्हणालो. मुले हसली. सरही हसले.

जिल्ह्याच्या विज्ञान प्रदर्शनासाठी या मोजणीचा तक्ता ओरोसला जायचा होता. आदल्या दिवशी मी दीपा नावाच्या विद्यार्थिनीला ओलाव्याचा रकाना खोडायला लावला आणि माझ्या प्रमाणाने येणारे आकडे तिथे लिहवून घेतले. तिने सरांकडे पाहिले. ते खिडकीबाहेर पाहत राहिले... तक्त्याचे कौतुक झाले. त्यानंतर दरवर्षी सर सड्यावर जाताना मला बोलावत. मी एकदाही गेलो नाही.

गेल्या आठवड्यात गेलो. चार दिवस मोजले. ओलाव्याचा रकाना सरांचाच निघाला.

तसाच त्यांच्या घरी गेलो. रोझालिनबाई अंगणात वाळत घातलेली आमसुले परतत होत्या. चूक माझी होती, असे मी त्यांना सांगितले.

"ता आमका कधीचा ठावक आसा," त्या मान वर न करता म्हणाल्या. "दीपाक सांगलास?"

मी नकारार्थी मान हलवली.

"मगे हय कित्याक इलास? माका काय आकडे लिवचे आसत?"

दीपा आता कुडाळजवळच्या शाळेत विज्ञान शिकवते. दुसऱ्या दिवशी एसटीने तिथे पोहोचलो. तिच्या वर्गासमोर उभे राहून झाले ते सारे सांगितले आणि मोजलेले आकडे फळ्यावर लिहिले. आता हलके वाटेल, अशी माझी समजूत होती. दीपाने माझ्या हातातला खडू घेतला आणि माझ्या प्रत्येक आकड्याखाली एकेक टिंब दिले. ही सवय सरांची. शंकेचा आकडा ते कधी खोडत नसत. त्याखाली टिंब देत आणि पुन्हा मोजत.

"सर, तुम्ही चारच दिवस मोजलंत," ती म्हणाली. "उद्यापासून मुलं मोजतील. तोवर टिंबं राहू देत."