अक्काची पेटी

कॉलेजातली नात मला निबंध वाचून दाखवून राहिली होती, "पुरुषांनी स्त्रियांना शिकू दिलं." अंगणात हळद शिजत होती. शिकू दिलं म्हणे! कसला पुळचट निबंध!

निजामाच्या काळात, असाच हळदीचा वास सुटलेला असताना, माझी थोरली बहीण अक्का नांदेडला शिकायला निघाली. कुरुंद्यात मी मोटार अडवली आन् तिची पेटी खाली ओढली.

"बाईमाणसानं शिकून काय दिवे लावायचे?"

"तू दुसरीपर्यंत शिकलास, कोणते लावलेस रे?"

सगळी मोटार हसली. सांडलेल्या सामानातली फक्त पुस्तकं अक्कानं उचलली. लुगडी तिथंच टाकून ती मोटारीत बसली. तीच लुगडी पेटीत भरून, पेटी डोक्यावर घेऊन मी घरी आलो.

नातीला म्हटलं, "खोड ते. कुणी काही दिलं न्हाई. मी होतो तिथं."